बॅटरी, केबल आणि मालकीचा प्रश्न

इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारे आणि हाती येईल ते उपकरण उघडून पाहण्याची खोड असलेले आमचे विद्यार्थी लेखक या सदरात वाचकांच्या शंकांना उत्तरे देतात. वस्तू विकत घेतल्यानंतर तिच्यावर हुकूम कोणाचा चालतो, हाच प्रश्न या वेळच्या पत्रांत निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा आला आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत. उत्तरांतील मते लेखकाची स्वतःची आहेत. – संपादक

प्रश्न : माझा फोन अडीच वर्षांचा आहे. सकाळी पूर्ण चार्ज केला तरी दुपारी बॅटरी उतरलेली असते. बॅटरी लवकर खराब व्हावी म्हणून कंपन्या ती मुद्दामच तशी बनवतात, असे जो तो सांगतो. हे खरे आहे का? आणि मी नवा फोन घ्यावा की बॅटरी बदलून घ्यावी?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. आपल्या फोनला सुरक्षेची अपडेट्स अजून येत असतील आणि पडदा धड असेल, तर बॅटरी बदलून घ्यावी. अडीच वर्षांत फोनचा प्रोसेसर म्हातारा होत नाही. म्हातारी होते ती बॅटरीच.

ती तशी का होते, याचे कारण बहुतांशी रसायनशास्त्रात आहे. सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली, तेव्हापासून तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. तिचे मूळ तत्त्व मात्र तेच राहिले आहे. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात आणि वापर सुरू झाला की तेथून बाहेर पडतात. या ये-जा करण्यात ग्रॅफाइटवर एक सूक्ष्म पापुद्रा धरतो. तो सुरुवातीला बॅटरीचे रक्षण करतो, पण पुढे जाड होत गेला की दर खेपेला थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो आणि तेवढी बॅटरीची क्षमता घटते. उष्णता आणि काठोकाठ भरलेली अवस्था या दोन गोष्टींमुळे ही झीज वेगाने होते. म्हणून रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन आणि टेबलावर ठेवून ८० टक्क्यांवर थांबवलेला फोन यांच्या बॅटऱ्यांत वर्षभराने चांगलाच फरक पडलेला असतो. आजच्या बहुतेक फोनांत ८० टक्क्यांची मर्यादा घालण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते, ती वापरावी.

आता कारस्थानाविषयी. असा संशय घेणे वेडेपणाचे आहे, असे मी म्हणणार नाही. बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी १९२४ साली ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले होते, ही नोंदलेली गोष्ट आहे. २०१७च्या डिसेंबरात अॅपलने, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग आपण सॉफ्टवेअरमधून कमी करतो, हे मान्य केले. ग्राहकांना ते नीट न सांगितल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला २.५ कोटी युरो दंड झाला. या दुसऱ्या प्रकरणातील बारकावा मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, एकदम जास्त प्रवाह मागितला की तिचा व्होल्टेज कोसळतो आणि फोन अचानक बंद पडतो. वेग कमी करणे हा त्यावरचा तांत्रिकदृष्ट्या योग्य उपाय होता. दोष होता तो लपवण्यात, कारण ‘तुमची बॅटरी जुनी झाली आहे’ एवढे एक वाक्य पडद्यावर आले असते, तर अनेकांनी नव्या फोनाऐवजी नवी बॅटरी घेतली असती.

माझा आक्षेप बॅटरीच्या झिजण्याला नाही, ती चिकटवण्याला आहे. पाठीमागची काच गरम करून तिच्या कडेने प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवत गोंद सोडवावा लागतो. पट्टी काही मिलिमीटर जास्त आत गेली, तर खालची कागदासारखी चपटी वायर कापली जाते. त्यापुढे बॅटरीही चौकटीला चिकटवलेली असते. रचना चांगली असेल तर तिच्याखाली ओढून काढण्याजोगी चिकटपट्टी असते आणि ती सावकाश, आडव्या दिशेने ओढली की बॅटरी अलगद सुटते. पट्टी मध्येच तुटली किंवा मुळात दिलेलीच नसली, तर बॅटरी उचकटावी लागते. उचकटताना ती वाकली, आतील थरांमधला पातळ पडदा फाटला आणि दोन ध्रुव एकमेकांना टेकले, की पेट घेते. म्हणून हे काम सराव नसलेल्याने करू नये. ते इतके अवघड का असावे, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे.

युरोपीय संघाने तो कायद्यात विचारला आहे. तेथे २० जून २०२५पासून बाजारात येणाऱ्या फोन आणि टॅबलेटची बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यानंतरही ८० टक्के क्षमता टिकवणारी असली पाहिजे आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावर महत्त्वाचे सुटे भाग ७ वर्षे मिळाले पाहिजेत. इतर छोट्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यावी, असा निराळा नियम १८ फेब्रुवारी २०२७पासून लागू होणार आहे. फोनांची बॅटरीही ग्राहकाला बदलता यावी असा नियम आहे, पण त्यात एक पळवाट आहे. बॅटरी १,००० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के टिकत असेल आणि फोन धूळ व पाणी यांना दाद देत नसेल, तर ती बदलण्याचे काम तंत्रज्ञावर सोपवण्याची मुभा आहे. मला ही पळवाट फारशी खटकत नाही. जास्त टिकणारी बॅटरी हाही ग्राहकाचा फायदाच आहे.

प्रश्न : सगळ्या उपकरणांना आता एकसारखे सी (यूएसबी-सी) पोर्ट आले, तरी माझ्याकडील एक छोटा दिवा लॅपटॉपच्या चार्जरवर चार्ज होत नाही, जुन्या चौकोनी प्लगच्या केबलवर मात्र होतो. एका केबलने फाइल झटकन जातात, तशाच दिसणाऱ्या दुसरीने तासभर लागतो. मग या एकसारखेपणाचा, आणि त्यासाठी केलेल्या कायद्याचा, उपयोग काय?

उत्तर : आपल्या दिव्याचे निदान पत्रावरूनच करता येते. त्यात बहुधा दोन रोधक (रेझिस्टर) बसवायचे राहिले आहेत.

जुन्या चौकोनी पोर्टात ५ व्होल्ट सतत हजर असतात. काहीही जोडा, वीज मिळते. सी पोर्टाचा चार्जर तसा नाही. त्यातील ‘सीसी’ नावाच्या पिनांवरून तो आधी पलीकडे कोण आहे हे चाचपतो, आणि समोरच्या उपकरणाने त्या पिना ५.१ किलोओहमच्या रोधकांमधून ‘जमिनीशी’, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेशी, जोडलेल्या दिसल्या, तरच वीज सोडतो. हे रोधक मोहरीच्या दाण्याहून लहान असतात आणि त्यांची किंमत जवळजवळ नगण्य असते. तरीही स्वस्त उपकरणे बनवणारे ते गाळतात, कारण सोबत दिलेल्या चौकोनी प्लगच्या केबलवर उपकरण चालते आणि तपासणीत उत्तीर्ण होते. ही चूक केवळ अनाम उत्पादकांकडूनच होते असे नाही. २०१९च्या मध्यास आलेल्या रास्पबेरी पाय ४ या, माझ्यासारख्या विद्यार्थ्यांच्या लाडक्या बोर्डात दोन्ही सीसी पिनांना मिळून एकच रोधक दिला होता. साध्या केबलवर ते चाले. ज्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असते, तिच्यावर मात्र चार्जर त्या बोर्डाला हेडफोनसारखे उपकरण समजे आणि वीजच देत नसे. पुढच्या आवृत्तीत हा दोष दुरुस्त करण्यात आला.

केबलची कथा याहून गुंतागुंतीची आहे. सी प्लगमध्ये २४ पिना असतात, पण प्रत्येक केबलमध्ये तितक्या तारा असतातच असे नाही. नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेली केबल माहिती ४८० मेगाबिट प्रतिसेकंद या जुन्या वेगानेच नेते. वेगवान केबलमध्ये त्याच्या कित्येक पटींनी जाणारे जास्तीचे तारांचे जोड असतात. विजेचेही तसेच आहे. ६० वॉटपर्यंत साधी केबल चालते आणि त्यापुढे, म्हणजे १०० किंवा आताच्या २४० वॉटसाठी, ‘मला ५ अँपिअर सोसतात’ असे चार्जरला सांगणारी चिप केबलच्या प्लगमध्ये असावी लागते. बाहेरून या साऱ्या केबल सारख्याच दिसतात. बेन्सन लुंग नावाचे गूगलचे अभियंता २०१५पासून बाजारातल्या सी केबल स्वतः विकत घेऊन तपासत आणि निष्कर्ष जाहीर करत. २०१६च्या फेब्रुवारीत एका केबलमध्ये वीज आणि जमीन यांच्या तारा उलटसुलट जोडलेल्या निघाल्या आणि तिने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला.

कायद्याचा उपयोग काय, याकडे आता वळतो. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन अशा उपकरणांना सी पोर्ट सक्तीचे झाले; लॅपटॉपसाठी ही तारीख २८ एप्रिल २०२६ होती. ही सक्ती नवकल्पनांचा गळा घोटेल, अशी ओरड तेव्हा झाली होती. मला ती पटली नाही, कारण सक्तीशिवायचा प्रयोग आधीच होऊन गेला होता. २००९ साली फोन बनवणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर एकमत होऊन करार केला, चार्जरचे प्रकार पुष्कळ कमीही झाले. परंतु करारात अॅडॉप्टर देण्याची मुभा असल्याने ज्यांना आपले वेगळे पोर्ट ठेवायचे होते, त्यांनी ते ठेवलेच. कायदा तारखेनिशी ठरला आणि २०२३च्या सप्टेंबरात आयफोनही सी पोर्ट घेऊन आला. शिवाय उद्या याहून चांगले पोर्ट निघाले, तर नियमातील तांत्रिक भाग बदलण्याची तरतूद कायद्यातच आहे.

या कायद्याचे काम अर्धवट राहिले आहे, असे मला वाटते, ते निराळ्या कारणाने. त्याने पोर्टाचा आकार एक केला, शिवाय १५ वॉटपेक्षा जास्त वेगाने चार्ज होणाऱ्या उपकरणांनी समान भाषा बोलावी असेही सांगितले; केबलवर काय छापले पाहिजे याबाबत मात्र तो पुरेसा कडक नाही. प्रत्येक केबलच्या प्लगवर किती वॉट आणि किती वेग हे दोन आकडे पुसले न जाणाऱ्या अक्षरांत असावेत, एवढी साधी सक्ती झाली, तर आपल्या पत्राचा उत्तरार्ध लिहिण्याची वेळ कोणावर येणार नाही. तोवर दिवा चौकोनी प्लगच्या केबलवरच चार्ज करावा. सोल्डरिंगचा सराव असलेला कोणी ओळखीचा असेल, तर ते दोन रोधक बसवणे हे त्याचे अर्ध्या तासाचे काम आहे.

प्रश्न : १०,००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) पॉवर बँकेने ५,००० एमएएचचा फोन दोनदा चार्ज व्हायला हवा. माझा जेमतेम दीड वेळा होतो. ही फसवणूक नाही का?

उत्तर : दीड वेळा होत असेल, तर पॉवर बँक प्रामाणिक आहे. तिच्यावरचा आकडा आतील घटांच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे तिच्यात एकूण ३७ वॉट-तास ऊर्जा आहे. ती ५ व्होल्टवर चढवून बाहेर काढायची म्हटली, की हाच आकडा हिशेबाने ७,४०० होतो. चढवताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात आणि फोन ती पुन्हा उतरवून घेताना आणखी काही. एमएएच हे ऊर्जेचे माप नव्हे, आणि वेष्टनावर ते मोठ्या अक्षरांत छापून वॉट-तास मागच्या बाजूला बारीक टाइपात ढकलणे हे मला ग्राहकाच्या अज्ञानावर चालवलेले दुकान वाटते. विमान कंपन्या मात्र वॉट-तासच बघतात. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सामान्यतः हातातल्या सामानात नेता येते. ५० ग्रॅम वजनाच्या वस्तूवर २०,००० असा आकडा दिसला, तर ती घेऊ नये. तेवढी ऊर्जा तेवढ्या वजनात आजच्या रसायनात मावत नाही.

प्रश्न : माझ्या मुलींकडे अगदी एकाच मॉडेलचे दोन फोन होते. एक पाण्यात पडून बंद झाला. त्याचा चांगला पडदा दुसऱ्या, पडदा फुटलेल्या फोनला बसवून घेतला, तर ‘अनोळखी भाग’ असा इशारा येऊ लागला आणि उजेडाप्रमाणे पडद्याचे रंग आपोआप जुळण्याची सोय बंद झाली. दोन्ही फोन आमचे, दोन्ही पडदे कंपनीचे. सुरक्षेसाठी असे करावे लागते, असे सर्व्हिस सेंटरवर सांगण्यात आले. हे पटण्यासारखे आहे का?

उत्तर : काही अंशी पटण्यासारखे आहे, आणि तेवढा अंश आधी मान्य करतो, कारण दुरुस्तीच्या हक्काची बाजू घेणारे आम्ही लोक तो सहसा गिळून टाकतो.

अशा फोनांत पडदा, बॅटरी, कॅमेरा यांच्यावरील छोट्या चिपमध्ये अनुक्रमांक लिहिलेला असतो आणि मुख्य बोर्ड तो आपल्याकडील नोंदीशी ताडून पाहतो. नोंद बदलण्याचे साधन कंपनीच्या सर्व्हरवर असते. बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखणाऱ्या भागाबाबत ही खबरदारी रास्त आहे, कारण तेथे कोणी बनावट सेन्सर घालून कुलूपच उघडू शकेल. चोरीचे फोन फोडून त्यांचे भाग विकण्याचा धंदाही खरा आहे. पडद्याच्या बाबतीत तिसरे एक कारण असते. प्रत्येक पडद्याचे रंग कारखान्यात मोजून त्यांतील फरक भरून काढणारी आकड्यांची सारणी फोनमध्ये भरलेली असते. पडदा बदलला की ती सारणी जुळत नाही.

परंतु या तिन्ही कारणांचा नीट विचार केला, तर त्यांतून कुलूप असावे एवढेच सिद्ध होते. किल्ली फक्त कंपनीकडे असावी, हे सिद्ध होत नाही. रंगांची सारणी नव्या पडद्यासाठी पुन्हा भरता येते, कंपनीचा तंत्रज्ञ तेच करतो. चोरीचा प्रश्न असेल तर मूळ फोनच्या मालकाने आपल्या खात्यातून ‘हा भाग मोकळा करत आहे’ असे सांगितले की भागले पाहिजे, आणि आपल्या घरात तर दोन्ही मालक एकाच टेबलाशी बसलेले आहेत. हे अशक्य नाही, याचा पुरावा कायद्यानेच मिळवून दिला. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२४च्या मार्चमध्ये, १ जानेवारी २०२५नंतर बनलेल्या उपकरणांत अशी भागांची जखडणूक करून दुरुस्ती अडवण्यास मनाई करणारा कायदा केला. त्यानंतर महिनाभरातच एका आघाडीच्या फोन कंपनीने आपल्या काही मॉडेलांत वापरलेले अस्सल भाग पूर्ण सोयींसह चालू देऊ, असे जाहीर केले. इतकी वर्षे तांत्रिक म्हणून सांगितलेली अडचण एका महिन्यात सुटत असेल, तर ती किती तांत्रिक होती, हे आपणच ठरवावे.

वस्तू विकल्यावर विकणाऱ्याचा हात तिच्यावर कुठवर पोहोचतो, हा वाद फोनांच्या आधी प्रिंटरच्या शाईवरून लढला गेला. लेक्समार्क कंपनी आपली रिकामी काडतुसे पुन्हा भरून विकणाऱ्यांविरुद्ध पेटंटच्या आधारे लढत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा अधिकार संपतो, असा निर्णय दिला. हा निर्णय स्वागतार्हच होता. पण पेटंटने जे साधेना ते चिपने साधते, हे त्यानंतरच्या वर्षांत दिसून आले, म्हणून आता कायद्यात चिपचा उल्लेख करावा लागतो आहे. आपल्याला व्यावहारिक सल्ला एवढाच, की ज्या कंपन्या बदललेल्या भागाची जुळणी करण्याचे साधन ग्राहकाला खुले करतात, त्यांत आपली कंपनी बसते का, हे फोनच्या सेटिंग्जमधील ‘माहिती’ आणि ‘दुरुस्ती’ या विभागांत बघावे. बसत नसेल, तर तसे कारण लिहून पुढचा फोन दुसऱ्या कंपनीचा घ्यावा. ग्राहक का गेला हे कळल्याशिवाय कंपन्या शिकत नाहीत.

प्रश्न : मी उपकरणांच्या रचनेचेच काम करतो. आपल्या मागील उत्तरांत लॅपटॉपमधील मेमरी बोर्डावर कायमची जोडणे ही कंपन्यांची लबाडी आहे, असा सूर होता. ग्राहकच पातळ आणि हलकी वस्तू मागतात. प्रत्येक गोष्ट उघडण्याजोगी करायची तर वस्तू महाग आणि जाड होईल. कायदे करणाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी अभियंत्यांना त्यांचे काम करू द्यावे.

उत्तर : मेमरीपुरते आपले म्हणणे बरोबर आहे. कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मेमरीला प्रोसेसरपर्यंतचे अंतर फार कमी लागते. जुन्या प्रकारच्या स्लॉटमधून जाताना तिचा सिग्नल बिघडतो, म्हणून ती बोर्डावर जोडण्याला खरे कारण आहे. या अडचणीवर उत्तर म्हणून स्क्रूने आवळायचे ‘कॅम’ नावाचे चपटे मेमरी मॉड्यूल पुढे आले आणि २०२३च्या डिसेंबरात त्याचे उद्योगमान्य मानकही ठरले. ही सुधारणा अभियंत्यांनी केली, कायद्याने नाही, हेही मान्य. ‘मेमरीला स्लॉट असलाच पाहिजे’ असा कायदा काही वर्षांपूर्वी झाला असता, तर तो आज हास्यास्पद ठरला असता.

म्हणूनच कायद्याने रचना सांगू नये, निष्पत्ती सांगावी, असे माझे मत आहे. बॅटरी कशी बसवायची ते आपण ठरवा. ती साध्या हत्यारांनी, इतर काही न मोडता बदलता आली पाहिजे, एवढे कायदा सांगेल. पातळपणाचा युक्तिवाद माझ्या मते बॅटरीला मुळीच लागू पडत नाही, कारण गोंद आणि ओढण्याची चिकटपट्टी यांच्या जाडीतला फरक ग्राहकाच्या हाताला कळत नाही. ग्राहक पातळ वस्तू मागतो हे खरे असले, तरी दुकानात त्याच्यासमोर जाडी, वजन आणि पडद्याचा आकार एवढेच आकडे असतात. दुरुस्तीचा आकडा शेजारी नसताना त्याने तो मागितला नाही, असे म्हणणे न्याय्य होणार नाही.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून नेमके हेच केले. फोन, लॅपटॉप, टीव्ही यांसारख्या वस्तूंवर किमतीच्या शेजारी १०पैकी दुरुस्तीचे गुण छापणे सक्तीचे झाले. पद्धत चांगली, पण गुण उत्पादक स्वतःच स्वतःला देतो. शिवाय माहितीपत्रकांची उपलब्धता, उघडण्यातील सुलभता, भागांची उपलब्धता, भागांची किंमत आणि त्या प्रकारच्या वस्तूचा खास निकष, या पाच बाबींना समान वजन असल्यामुळे माहितीपत्रकांत मिळवलेले गुण महागड्या पडद्याची बाजू झाकून टाकतात. युरोपीय संघाच्या फोनांवरील लेबलावर २०२५पासून दुरुस्तीची श्रेणी ए ते ई अशा अक्षरांत येते, परंतु त्या श्रेणीच्या हिशेबात भागांच्या किमतीला जागाच नाही. माझ्या दृष्टीने हीच सगळ्यांत मोठी उणीव आहे. नव्या फोनच्या निम्म्या किमतीचा पडदा सात वर्षे ‘उपलब्ध’ असला काय आणि नसला काय, कोणी तो घेणार नाही. आपण या क्षेत्रातच काम करता, तेव्हा पुढच्या बैठकीत चिकटपट्टीचा मुद्दा तेवढा मांडावा, ही विनंती.

प्रश्न : घरात इंटरनेटवर चालणारे दिवे आणि कॅमेरे बसवायचे आहेत. कंपनी बंद पडली तर या वस्तूंचे काय होते? आणि कॅमेऱ्यातून कोणी डोकावण्याची भीती खरी आहे का?

उत्तर : कंपनी बंद पडायचीही गरज नसते. रिव्हॉल्व नावाचे घरातील उपकरणे जोडणारे एक केंद्र गूगलच्या छत्राखालील नेस्ट कंपनीने २०१४ साली विकत घेतले आणि २०१६च्या मे महिन्यात त्याचा सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरांतील धडधाकट यंत्रे त्या दिवसापासून नुसती खोकी झाली. याच्या उलट उदाहरणही आहे. पेबल या घड्याळांच्या कंपनीचा कारभार २०१६ साली आटोपला, तरी हौशी लोकांनी स्वतःचा सर्व्हर उभारून ती घड्याळे चालू ठेवली आणि २०२५च्या जानेवारीत गूगलने त्या घड्याळांच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड खुला केला. सेवा बंद करायची असेल तर वस्तू स्थानिक पातळीवर चालवण्याचा मार्ग किंवा कोड खुला करणे कंपन्यांना बंधनकारक व्हावे, या मताचा मी आहे.

दुसरी भीती पूर्ण खरी आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड एकामागून एक लावून पाहण्याच्या पोरकट युक्तीने. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला याच उपकरणांच्या फौजेने अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून सर्व उपकरणांना एकच ठरावीक पासवर्ड देण्यास बंदी केली आणि सुरक्षेची अपडेट्स किमान कधीपर्यंत मिळतील हे विक्रीच्या वेळी सांगणे सक्तीचे केले. औषधाच्या वेष्टनावर असते तशी ही अंतिम तारीख मला प्रत्येक देशात, प्रत्येक खोक्यावर छापलेली हवी आहे.

खरेदीपूर्वी ती तारीख शोधावी. वस्तू घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, एक चाचणी करावी : राउटरची इंटरनेटची वायर काढून ठेवावी, वायफाय चालू राहू द्यावे आणि दिवा फोनवरून लागतो का, कॅमेरा घरातल्या घरात दिसतो का, ते पाहावे. काहीच चालत नसेल, तर आपण वस्तू घेतलेली नाही, मुदत न सांगितलेली वर्गणी घेतली आहे. ती परत करावी.

प्रश्न : माझा लॅपटॉप उत्तम चालतो, पण तो विंडोज ११ला चालत नाही. टाकून द्यावा का?

उत्तर : टाकू नये. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि नवी आवृत्ती टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर मागते, म्हणून आपला लॅपटॉप बाद ठरला. तो मोडलेला नाही. आपला फायलींचा बॅकअप घ्यावा, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीची एखादी सोपी आवृत्ती पेन ड्राइव्हवर उतरवून आधी तिच्यावरूनच चालवून पाहावी आणि जमली तर बसवावी. आत चकती फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, घालावी. याहून अधिक फरक दुसऱ्या कशाने पडणार नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. मलाही वस्तू उघडून बघायच्या आहेत, पण घरचे ओरडतात. सुरुवात कशाने करू?

उत्तर : मित्रा, घरच्यांचे ओरडणे निम्मे योग्य आहे, तेव्हा त्यांच्याशी वाटाघाट अशी कर : भिंतीच्या प्लगला जोडली जाणारी कोणतीही वस्तू तू उघडणार नाहीस आणि त्या बदल्यात सेलवर चालणाऱ्या सगळ्या बिघडलेल्या वस्तू तुझ्या. रिमोट, बंद पडलेली खेळणी, घड्याळ, टॉर्च एवढे तुला वर्षभर पुरेल. रिमोटचे एखादे बटण चालत नसेल तर तो उघडून पाहा. बटणाखालच्या रबरावर काळा गोल ठिपका असतो, तो बोर्डावरच्या दोन वाटा जोडतो, आणि बहुतेक वेळा तेथे मळ साचलेला असतो. तो पुसून बटण चालू झाले, की तुला सर्किट म्हणजे काय हे कळले.

हत्यारांत आधी स्क्रूड्रायव्हरचा चांगला संच घे, मग व्होल्टेज वगैरे मोजणारा साधा मल्टिमीटर. सोल्डरिंग गन त्यानंतर. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर वस्तूचे चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने लाव, कारण दिसायला सारख्या स्क्रूंची लांबी वेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की तो थेट बोर्डात घुसतो. फुगलेली बॅटरी दिसली तर ती दाबू नको, टोचू नको आणि चार्जिंगला लावू नको. मोठ्यांना सांगून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात पोहोचती कर. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र प्लग काढलेला असला तरी उघडायचा नाही. त्यातील कपॅसिटर हजारो व्होल्ट धरून ठेवतो आणि वीज बंद केल्यानंतरही तो जीव घेऊ शकतो.